फक्त दिसण्यापुरता फरक

त्या आठवड्यात इशबेल बीटनच्या पायाला भिंगरी लागली होती. कॉम्प्युटरसमोर बसायची, दोन ओळी लिहायची, उठायची. स्वयंपाकघरात जाऊन किटली लावायची आणि पाणी उकळायच्या आत जिना उतरून बंदरावर. हॅलिफॅक्सचा वारा तोंडावर घेत डार्टमथची फेरीबोट सुटेपर्यंत उभी राहायची, मग पुन्हा वर. तोवर पाणी निवलेलं असायचं. ऑफिसातले लोक समजून घेत होते. रविवारी त्यांच्या 'ग्रे हार्बर' या कॉम्प्युटरवरच्या खेळाची पात्रता फेरी, देशभरातले संघ आपापल्या घरून खेळणार, तेव्हा जिनं त्यातलं धुकं लिहिलं ती बाई अस्वस्थ असणारच, असा त्यांचा समज. समज चुकीचा होता. इशबेलला फेरीची धास्ती नव्हती, भावाची होती.

भाऊ म्हणजे रॉडी. केप ब्रेटनमधल्या त्यांच्या गावात रॉडी बीटन नावाचे चौघे, म्हणून ह्याला 'बोटवाला रॉडी' म्हणत. आता बोट गेली, नाव तेवढं राहिलं. लॉबस्टरचे पिंजरे ओढून ओढून खांदा निकामी झाला, बोट चुलतभावाकडे गेली, आणि पन्नाशीला टेकलेला हा धिप्पाड गडी दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बोटींना नावं ठेवू लागला. बहिणीनं आपला खेळ त्याला दिला तो निव्वळ वेळ जावा म्हणून. पण रॉडीनं तो मनावर घेतला. इकडे पाच, तिकडे पाच, मध्ये धुक्यानं भरलेलं बंदर, आणि एकमेकांना हुडकून टिपायचं. त्यानं गावातले चार रिकामटेकडे गोळा केले, संघाचं नाव 'फुटके पिंजरे' ठेवलं, आणि बघता बघता मॉन्ट्रियलची पोरं त्याला वचकून राहायला लागली. त्याला पुन्हा खलाशी मिळाले होते. फोनवर तो पुन्हा ओरडून बोलायला लागला, तेव्हा इशबेलला इतकं बरं वाटलं होतं की तिनं फोन कानापासून लांब धरून हसू आवरलं होतं.

मग वसंतात 'जिवंत धुकं' आलं, आणि रॉडी हरायला लागला.

जिवंत धुकं हे नाव इशबेलचं नव्हे, कॉर्व्हेनचं. कॉर्व्हेन ही ग्राफिक्स कार्डं बनवणारी कंपनी. खेळाचं चित्र पडद्यावर उमटतं ते त्या कार्डाच्या जोरावर, आणि बाजारात एक कॉर्व्हेन, एक तिची प्रतिस्पर्धी, असा उभा दावा. इशबेलच्या छोट्या स्टुडिओचा आधीचा खेळ सपाटून पडला होता. मालक व्हर्नन कोमो टेकीला आलेला असताना कॉर्व्हेननं हात पुढे केला. आमचा माणूस तुमच्याकडे बसेल, तुमचं धुकं वेगानं पळवून देईल, स्पर्धेचा खर्चही आमचा. बदल्यात एकच गोष्ट, ते धुकं फक्त आमच्या कार्डांवर दिसेल. बाकीच्यांना आपलं जुनं, सपाट, चादरीसारखं धुकं. आंधळा मागतो एक डोळा, तसं व्हर्ननचं झालं. त्यानं सही केली.

त्यांचा माणूस आला तो गॅरिक युएन. त्याला वाईट म्हणायची सोय नाही, तीच खरी अडचण. आठवड्यातून दोनदा डोनटचा खोका आणायचा, कुणाचंही काम अडलं की बाही सारून शेजारी बसायचा. इशबेलचं धुकं रखडत चाले, ते त्यानं पळतं केलं. माणूस धुक्यातून चालला की मागे धुकं फाटायचं, भोवरे उठायचे, आणि फाटलेली वाट सावकाश मिटायची. पहिल्यांदा ते बघताना इशबेलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लहानपणी धक्क्यावर उभी राहून तिनं बापाची बोट अशीच धुकं फाडत येताना बघितली होती.

सुरुवातीला ती वाट डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटे. मग कॉर्व्हेनच्या जाहिरात खात्याला ती लोकांना नीट दिसायला हवी होती. गॅरिकनं ती थोडी जास्त रेंगाळेल असं केलं, इशबेलनं मान डोलावली. थोडी म्हणता म्हणता ती इतकी रेंगाळू लागली की शत्रू कुठून कुठे गेला ते उघड्या डोळ्यांनी वाचता यावं. ज्याच्याकडे कॉर्व्हेनचं कार्ड त्याला शत्रूचा माग दिसे. ज्याच्याकडे नाही त्याला समोर राखाडी भिंत.

खेळाडू काही दुधखुळे नसतात. त्यांच्या चर्चेच्या पानावर प्रश्न आलाच, दोन धुक्यांत खेळाच्या दृष्टीनं काही फरक आहे का. कॉर्व्हेनकडून उत्तर लिहूनच आलं होतं. 'फरक फक्त दिसण्यापुरता आहे.' धुकं इशबेलचं, म्हणून तिच्या नावानं ते टाकायचं ठरलं आणि तिनं टाकलं. बाकीच्या कार्डांत हे चालवायची ताकदच नाही, असं गॅरिकनं सांगितलं होतं. मग काय करणार, सगळ्यांना सगळं कुठून मिळणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. समजूत नीट बसली नव्हती, हे तिचं तिला माहीत होतं.

त्याच सुमारास रॉडीनं फोनवर विचारलं होतं, "इशबेल, धुक्यात काही कालवाकालव केलीय का ग? समोरच्याला मी दिसतो, मला तो दिसत नाही."

"फरक फक्त दिसण्यापुरता आहे," ती म्हणाली. पाठ झालेलं वाक्य तोंडातून आपोआप आलं. वर, जरा विश्रांती घे, असंही सांगितलं.

"मग हातच गेले म्हणायचे," रॉडी म्हणाला आणि हसला. "खांदा गेला, आता बोटं. मोठा मासा आधी शेपटीकडून मरतो म्हणतात, माझं वरून चाललंय."

त्यानंतर तो दर फोनला थोडा थोडा हळू बोलू लागला. भावाचा आवाज असा उतरत गेलेला इशबेलनं ह्याआधी एकदाच ऐकला होता, बोट गेली त्या वर्षी. शेवटी तिला राहवेना. आपल्या मशीनमधलं कॉर्व्हेनचं कार्ड काढून त्याला पाठवून द्यावं असं तिनं ठरवलं. पेटी उघडली, दिव्याखाली वाकून बघितलं, आणि तिचा स्क्रूड्रायव्हर तसाच हातात राहिला.

आत कॉर्व्हेनचं कार्ड नव्हतंच.

असा घोळ फक्त खेळ बनवणारेच घालू शकतात. खेळ सुरू होताना मशीनला विचारतो, तुझ्यात कुणाचं कार्ड आहे? काम करताना दर वेळी ही चौकशी आडवी येऊ नये म्हणून प्रोग्रामर लोक एक बटण करून ठेवतात. ते दाबलं की मशीन बेधडक खोटं सांगतं, कॉर्व्हेनचं आहे. इशबेलनं ते वसंतात दाबलं आणि विसरली. उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या कार्डाचा पंखा बिघडला, तेव्हा कपाटात पडलेलं दुसऱ्या कंपनीचं जुनं कार्ड तिनं तात्पुरतं खोचलं आणि तेही विसरली. खेळ थोडा रखडतो असं वाटायचं, पण कच्चा खेळ रखडतोच. बाहेर जगाला सांगायचं की हे धुकं दुसऱ्या कार्डावर चालत नाही, आणि स्वतः रोज दुसऱ्या कार्डावरच ते बघत बसायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. आणि ते कार्ड कुठलं? रॉडीकडे होतं तेच, अगदी तेच.

तिनं आधी स्वतःला चिमटा काढावा तसं बटण बंद केलं. धुकं सपाट झालं. चालू केलं, वाट फाटली, भोवरे उठले. बंद, चालू, बंद, चालू, असं तिनं इतक्या वेळा केलं की शेजारच्यानं मशीन बिघडलंय का म्हणून विचारलं.

तिनं गॅरिकला विचारलं. त्यानं नाकारलं नाही. तो क्षणभर डोनटकडे बघत राहिला, मग म्हणाला की चालत असेल, पण ते नीट चालेल ह्याची हमी आम्ही का घ्यायची? त्याचंही म्हणणं सरळ होतं. निम्मी मेहनत त्याची होती, पगार कॉर्व्हेनचा होता. फुकटात प्रतिस्पर्ध्याच्या ताटात का वाढायचं? इशबेल म्हणाली, "सुंदर धुकं विका रे, त्याला ना नाही. पण तुम्ही शत्रू दिसणं विकताय." गॅरिकनं मान खाली घातली आणि हे आपल्या हातात नाही म्हणाला. ते खरंच होतं.

मग ती व्हर्ननकडे गेली. त्यानं दार लावून घेतलं. अकरा माणसांची पोटं ह्या करारावर आहेत, त्यात तुझंही आलं, हे त्यानं हळू आवाजात सांगितलं. फेरी होऊ दे, मग बघू. आणि करारात गुप्ततेचं कलम आहे हे विसरू नकोस. तो दरडावत नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाशी भांडायला इशबेलला कधीच जमलं नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून ती तोंडात मिठाची गुळणी धरून बाहेर आली.

आणि तेव्हापासून ती भिंगरी. ते बटण रॉडीला सांगणं सोपं होतं. खेळाच्या एका फाइलमध्ये एक शब्द बदलायचा, की झालं. तिनं निरोप लिहिला, पुसला. फेरीबोट बघून आली, पुन्हा लिहिला. मग तिच्या लक्षात आलं की हे तर तेच झालं. कॉर्व्हेननं आपल्या गिऱ्हाइकांना डोळे दिले, आपण आपल्या भावाला देतोय. बाकीचे आंधळे ते आंधळेच. तिनं निरोप कायमचा पुसला आणि त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही.

फेरीच्या आदल्या दुपारी कप्तानांची बैठक असते. सगळे घरून कानाला हेडफोन लावून हजर राहतात, आयोजक नियम वाचतात, कप्तान आपापली नावं पक्की करतात, आणि शेवटी खेळ बनवणाऱ्यांना काय विचारायचं ते विचारतात. नावं एकदा पक्की झाली की बदलत नाहीत, हाडं मोडली तरी. स्टुडिओत लांब टेबलाशी व्हर्नन, इशबेल आणि गॅरिक बसले होते. इशबेलसमोर अपेक्षित प्रश्नांची लिहून आलेली उत्तरं होती. ती टेबलाखाली पाय हलवत होती आणि व्हर्नन ते बघून न बघितल्यासारखं करत होता.

नावं पुकारता पुकारता 'फुटके पिंजरे' आले. नेहमीचा घसा खाकरण्याचा आवाज झाला.

"फुटके पिंजरे हजर," रॉडी म्हणाला. "एक बदल आहे. माझ्या जागी आमच्या गावची केटी मॅकफी खेळेल. कप्तानपण तिचंच. माझे हात आता चालत नाहीत, गड्यांनो. तिचे चालतात, सांभाळून राहा."

कुणीतरी म्हणालं, रॉडी, थट्टा करतोस का? तो म्हणाला, थट्टा करायची असती तर तुझ्या नेमबाजीची केली असती. सगळे हसले. मग कुणी कुणी त्याला दोन बरे शब्द बोलले, निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरला बोलतात तसे. आयोजकानं केटीचं नाव लिहून घेतलं आणि बैठक पुढे गेली. इशबेलला पुढची नावं ऐकूच आली नाहीत.

प्रश्नांची वेळ आली. मॉंक्टनच्या संघाची जोसलिन नावाची कप्तान, फारशी न बोलणारी, ती म्हणाली, "माझं एकच आहे. धुकं सगळ्यांना सारखं लपवतं का? चर्चेच्या पानावर लिहिलंय ते वाचलंय मी. पण आमच्या संघात दोघांकडे कॉर्व्हेन आहे, तिघांकडे नाही, आणि त्या दोघांनाच का बरं शत्रू सापडतात?"

व्हर्नननं कागद बोटानं इशबेलकडे सरकवला. कागदावर ते वाक्य होतंच. तिनं बोलायचं बटण दाबलं, आणि पहिल्यांदाच त्या आठवड्यात तिचे पाय थांबले.

"नाही," ती म्हणाली. "सारखं लपवत नाही. कॉर्व्हेनच्या कार्डावर माणूस गेल्याचा माग दिसतो, बाकीच्यांना दिसत नाही. आणि बाकीच्यांच्या कार्डावरही ते चालतं. माझ्या स्वतःच्या मशीनवर चालतं. आम्ही कुलूप घातलंय म्हणून दिसत नाही. फरक फक्त दिसण्यापुरता आहे असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं."

गॅरिकनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि कोट उचलून तो बाहेर गेला. व्हर्नन कपाळाला हात लावून बसला होता. मग एकदम चाळीस जणांनी बोलायला सुरुवात केली. शिव्या होत्या, त्या अपेक्षितच होत्या. पण सगळ्यात जास्त चिडलेला निघाला तो ऑन्टारिओचा एक पोरगा, ज्याच्या अख्ख्या संघाकडे कॉर्व्हेन होतं. "म्हणजे आम्ही इतके महिने जिंकलो ते कसलं जिंकलो?" असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. आयोजकांनी पंधरा मिनिटं मागून घेतली आणि निकाल दिला. उद्या सगळ्यांना सपाट धुकं. बहुतेकांनी होकार दिला, ऑन्टारिओच्या पोरानं सगळ्यात आधी.

बैठक संपल्यावर व्हर्नन फक्त, सोमवारी बोलू, एवढंच म्हणाला. सोमवारी काय बोलणं होणार ते दोघांनाही कळत होतं. तो दारापर्यंत गेला, परत आला, आणि इशबेलच्या खांद्यावर एकदा हात ठेवून निघून गेला. त्या हातात राग किती आणि काय किती, हे तिला सांगता आलं नसतं.

फोन वाजला तेव्हा ती कोट घालत होती. रॉडी. आता तो ओरडेल, दोघं हसतील, असं तिला वाटलं. तिनं त्याला बोलूच दिलं नाही. हात चांगले आहेत तुझे, म्हणाली, पहिल्यापासून चांगले होते, मी आयोजकांना सांगते, खास बाब म्हणून तुझं नाव परत घालतील, घालायलाच हवं.

"केटीला दिलेली जागा परत मागू?" रॉडी म्हणाला. "पोरगी आईला फोन करून रडली आनंदानं. राहू दे."

"मग पुढच्या फेरीला."

"बघू." मागे कुणाच्यातरी बोटीचं इंजिन ऐकू येत होतं. "तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलायची सोय तिनं स्वतःच बंद करून टाकली होती. "नक्की म्हणशील तर गेल्या आठवड्यात," ती म्हणाली. "शंका आधीपासून होती."

"हं." तो चिडला नव्हता. चिडला असता तर तिला सोसलं असतं. "मी इथे जवळ सिडनीला डॉक्टरीणबाईकडे जाऊन आलो, इशबेल. तुला बोललो नाही, उगाच काळजी करशील म्हणून. रोज सकाळी हात गरम पाण्यात बुडवून बसत होतो, काही फरक पडेना, म्हणून गेलो. तिनं नसा तपासल्या, बोटं ओढली, चिमटे काढले, सगळं केलं. म्हणाली, मिस्टर बीटन, तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही. मी तिच्याशी भांडून आलो ग. म्हटलं, बाई, तुला काय कळतंय. ते धुकं माझ्या बहिणीनं केलंय. तिनं सांगितलंय फरक नाही, म्हणजे नाही."